सुईचं टोक कुठे आहे? अल्ट्रासाउंड बघत शीर टोचायला शिकवताना

केमोथेरपीची बरीच सायकल्स झालेल्या बाई, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणारे काका, सिकलसेलच्या वेदनांनी पुन्हा पुन्हा भरती होणारा विदर्भातला मुलगा, अंगभर सूज आलेला आयसीयूतला पेशंट. यांच्याबद्दल वॉर्डात एकच वाक्य फिरत असतं: ‘शीर सापडत नाही.’ एक सिस्टर प्रयत्न करते, मग दुसरी, मग ॲनेस्थेशियाच्या रेसिडेंटला फोन जातो, आणि तोवर दोन्ही हातांवर निळे-काळे डाग उठलेले असतात. बहुतेक वेळा शीर असते. ती त्वचेखाली सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर असते, डोळ्याला दिसत नाही आणि बोटाला लागत नाही, एवढंच. ती पडद्यावर पाहून टोचायला आम्ही नर्सिंग स्टाफला आणि रेसिडेंट डॉक्टरांना शिकवतो. जिथे जास्त चुकतं तिथे जास्त थांबून, त्या शिकवण्याचा तपशील इथे लिहीत आहोत.

माणसं निवडताना आम्ही आधी एक प्रश्न विचारतो: या व्यक्तीच्या वॉर्डात, तिच्या ड्यूटीच्या वेळी, मशीन हाताशी असणार आहे का? मशीन दुसऱ्या मजल्यावर कुलपात असेल, तर कितीही छान शिकलेला हात काही आठवड्यांत सुटतो. दुसरी अट अशी की साधी आयव्ही लाइन लावण्यात हात बसलेला हवा. नवख्या माणसाला एका हातात प्रोब (त्वचेवर टेकवायचा मशीनचा दांडा) आणि दुसऱ्यात कॅन्युला (सुईवर चढवलेली, शिरेत राहणारी प्लास्टिकची नळी) दिली की दोन्हीकडचं लक्ष उडतं. कॅन्युला एका हाताने सरकवणं, सुई स्थिर ठेवून प्लास्टिक पुढे ढकलणं, हे बोटांना आधीच येत असेल तर डोळे पडद्यावर राहतात.

मशीनच्या आधी कागदपत्रं येतात, आणि आपल्याकडे हे टाळता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला राज्य कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, आणि तोच आज पीसीपीएनडीटी म्हणून ओळखला जातो. मशीनची नोंदणी त्याखाली होते. मशीनला फक्त लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाचा, वरवरचं पाहणारा प्रोब आहे म्हणून नोंदणी नको, असं गृहीत धरू नये. पोर्टेबल मशीन ज्या जागेसाठी नोंदलेलं आहे तिथेच, तिथल्या भरती रुग्णांसाठी वापरायचं, असा नियम २०१२ पासून आहे. फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद वेगळा. त्यामुळे हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यशाळा ठरवून मशीन गाडीत घालून नेणं धोक्याचं आहे. प्रशिक्षण रुग्णालयातच ठेवावं, आणि प्रोब कोणकोण हातात धरणार हे समुचित प्राधिकाऱ्याकडून आधी लेखी स्पष्ट करून घ्यावं. हा कायदा मुलींच्या जिवासाठी आहे. त्याचा कंटाळा करणाऱ्याने मशीनला हात लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता खोलीत येऊ. पहिली चूक सुई उघडण्याआधीच होते: मशीन चुकीच्या जागी उभं असतं. टोचणारा, रुग्णाचा हात आणि पडदा या तिन्ही गोष्टी एका सरळ रेषेत हव्यात. म्हणजे हाताकडून पडद्याकडे पाहताना फक्त नजर उचलावी लागते, मान वळवावी लागत नाही. मशीन पाठीमागे किंवा बाजूला असेल तर मान वळते, मानेबरोबर खांदा वळतो, आणि खांद्याबरोबर प्रोब सरकतो. शिकणाऱ्याला वाटतं शीर हलली. पलंगही टोचणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर आणायचा किंवा सरळ स्टूल घेऊन बसायचं. वाकून उभं राहिलेल्याचा हात पाच मिनिटांत थरथरायला लागतो.

प्रोब लिनिअर घ्यायचा, साधारण ६ ते १३ मेगाहर्ट्झचा. वारंवारता जास्त तेवढं चित्र स्पष्ट, पण खोली कमी. हाताच्या शिरांसाठी खोली कमीच लागते. डेप्थ, म्हणजे पडद्यावर किती खोलवरचं दिसेल ते माप, दोन-तीन सेंटीमीटरवर आणायची. पोट पाहून झालेल्या मशीनवर ती पंधरावर राहिलेली असते आणि शीर मोहरीएवढी दिसते. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, इतका ठेवायचा की रक्त काळं दिसेल आणि भोवतालचा भाग राखाडी. गेन वाढवला तर शिरेच्या आतही धुकं येतं आणि त्यात टोक हरवतं. मग मार्कर: प्रोबच्या एका कडेवर खूण असते, पडद्यावरही असते. जेल लावून प्रोबच्या डाव्या कडेवर बोट घासायचं आणि पडद्याची डावी बाजू हलते का ते पाहायचं. हे प्रत्येक वेळी करायचं, कारण आधीच्या माणसाने चित्र उलटं करून ठेवलेलं असू शकतं. उलट्या चित्रावर सुई उजवीकडे न्यायला गेलं की पडद्यावर ती डावीकडे पळते, आणि गोंधळलेला हात आणखी खोल जातो.

सुई हातात देण्याआधीचं सत्र एकमेकांच्या हातांवर असतं, फक्त पाहण्याचं. कोपरापासून काखेपर्यंत प्रोब आडवा धरून सावकाश वर न्यायचा. दंडाच्या आतल्या बाजूला ब्रेकियल धमनी दिसते, गोल, जाड भिंतीची, ठोके देणारी. तिच्या दोन बाजूंना बहुधा दोन छोट्या शिरा असतात, आणि शेजारी मीडियन नर्व्ह, मधाच्या पोळ्यासारखी ठिपकेदार. आतल्या बाजूला, या सगळ्यांपासून थोडी दूर, एकटी असते ती बॅसिलिक. ती आपली. बाहेरच्या बाजूने जाते ती सेफॅलिक, वरवरची, पण बऱ्याच जणांत बारीक. ब्रेकियल शिरा पडद्यावर मोहक दिसतात, पण त्या धमनीला आणि नर्व्हला चिकटून असतात, म्हणून आम्ही नवख्यांना तिथे जाऊ देत नाही.

शीर आणि धमनी ओळखायची खरी कसोटी दाब आहे. प्रोब हलका दाबला की शीर चपटी होते आणि सोडला की उघडते. धमनी गोल राहते, फार दाबल्यावरच चेपते, आणि चेपताना तिचे ठोके अधिकच उठून दिसतात. शीर पूर्ण चपटी होत नसेल तर आत रक्ताची गाठ असू शकते, ती शीर सोडायची आणि डॉक्टरांना कळवायचं. कलर डॉपलरवर विसंबणाऱ्यांना आम्ही थांबवतो. लाल म्हणजे धमनी आणि निळी म्हणजे शीर असं नसतं. प्रोबकडे येणारं रक्त एका रंगात आणि दूर जाणारं दुसऱ्या रंगात दिसतं, एवढाच त्याचा अर्थ. प्रोब जरा उलटीकडे कलला की रंग बदलतात. आणि प्रोब अगदी काटकोनात असेल तर वाहत्या रक्तातही रंग येत नाही.

याच सत्रात हाताचा दाब सुटतो. साधी शीर बोटाने चाचपायची सवय असलेला माणूस प्रोबही तसाच दाबतो, आणि मग म्हणतो, ‘मॅडम, यांना शीरच नाहीये.’ प्रोब अगदी खाली, अंगठा आणि दोन बोटांनी धरायचा, करंगळीची कड रुग्णाच्या त्वचेवर टेकवायची, आणि प्रोबखाली जेलचा पातळ थर दिसत राहील इतकाच भार ठेवायचा. दाब कमी झाला की पडद्यावर त्या ‘नसलेल्या’ शिरा एकेक करून उघडतात. हे पाहताना शिकणाऱ्याचा चेहरा बदलतो. आम्हाला तो क्षण फार आवडतो.

आता थोडं गणित. बहुतेक लाइन्स नंतर निकामी होतात त्या या गणितामुळे, आणि तरीही ते फार कमी ठिकाणी शिकवलं जातं. आपली गुलाबी, २० गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक, आकडा मोठा तेवढी सुई बारीक) कॅन्युला साधारण ३३ मि.मी. लांब असते. शीर १ सें.मी. खोल आहे आणि सुई ४५ अंशांत गेली, तर शिरेपर्यंत पोहोचण्यातच सुमारे १४ मि.मी. खर्च होतात. शिरेत राहते १९ मि.मी. तीच सुई ३० अंशांत घातली तर वाटेत २० मि.मी. जातात आणि आत उरतात फक्त १३. शीर दीड सेंटीमीटर खोल असेल तर ४५ अंशांतही जेमतेम १२ मि.मी. आत राहतात. रुग्णाने हात दुमडला, कूस बदलली, की तेवढं टोक बाहेर निसटतं आणि सलाईन मांसात जातं. कॅन्युलाची निम्म्याहून बरीच जास्त, शक्यतो दोन तृतीयांश लांबी शिरेत हवी. म्हणून खोल शिरेसाठी ४५ मि.मी.ची, म्हणजे हिरवी १८ गेजची, किंवा खास लांब बनवलेली कॅन्युला घ्यायची. तीही पुरणार नसेल, किंवा आठवडाभर औषधं चालणार असतील, तर मिडलाइनचा, म्हणजे दंडातून काखेपर्यंत जाणाऱ्या लांब नळीचा, विचार करायचा.

जाडीचं गणितही आहे. कॅन्युलाने शिरेच्या व्यासाचा ४५ टक्क्यांहून जास्त भाग अडवू नये, नाहीतर भोवतीचा प्रवाह मंदावतो आणि गाठ धरते. २० गेजची बाहेरची जाडी १.१ मि.मी., म्हणजे शीर निदान अडीच मि.मी.ची हवी. १८ गेजची १.३ मि.मी., तिला तीन. हे माप टूर्निकेट (हाताला आवळायचा पट्टा) न बांधता घ्यायचं, कारण बांधल्यावर शीर फुगते आणि मापाला फसवते. खोली आणि रुंदी मशीनवरच मोजून घ्यायची सवय लावली की ‘कोणती सुई घेऊ’ हा प्रश्न अंदाजाने सुटत नाही, आकड्याने सुटतो.

सरावाचा नमुना म्हणजे फॅन्टम विकत मिळतो, पण महाग असतो आणि टोचून टोचून लवकर खराब होतो. आम्ही तो स्वयंपाकघरातल्या जिनसांनी बनवतो. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन. आधी थोड्या गार पाण्यात दहा मिनिटं फुगवायचं, मग उरलेल्या गरम पाण्यात विरघळवायचं. उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर घट्टपणा जातो. गॅसवरून उतरवल्यावर दोन मोठे चमचे इसबगोल भुरभुरवत ढवळायचं. इसबगोलाशिवाय जिलेटिन पडद्यावर नुसतं काळं दिसतं आणि शीरही काळीच, त्यामुळे काहीच कळत नाही. इसबगोलाने भोवती मांसासारखा राखाडी पोत येतो. वरचा फेस चमच्याने काढून टाकायचा, कारण प्रत्येक बुडबुडा पडद्यावर खाली सावली टाकतो.

बारा बाय अठरा सें.मी.च्या डब्यात आधी दोन-अडीच सें.मी.चा थर ओतून फ्रीजमध्ये सेट करायचा. त्यावर शिरा मांडायच्या. त्यासाठी जत्रेत तलवारी बनवतात ते लांब फुगे उत्तम. पाण्याखाली धरून भरायचे, म्हणजे हवा राहत नाही. शिरेचा फुगा निळा रंग घातलेल्या पाण्याने सैल भरायचा, दाबला की चपटा होईल इतका. धमनीचा लाल पाण्याने ताठ भरायचा आणि त्याचं तोंड नळीने २० मि.ली.च्या सिरिंजला जोडायचं. कोणीतरी सिरिंज हलक्याने दाबत राहिलं की ठोके मिळतात. मग वर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा थर कोमट झाल्यावर ओतायचा. कडकडीत ओतला तर खालचा थर वितळून फुगे तरंगतात. आयव्ही सेटची नळी शीर म्हणून वापरू नये. तिची भिंत कडक असते, सुई घसरते, मग शिकणारा जोर लावतो, आणि हीच जोर लावायची सवय रुग्णाकडे घेऊन जातो. बऱ्याच टोचण्यांनंतर जिलेटिनमध्ये सुईच्या वाटांत हवा भरते आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा दिसू लागतात. तेव्हा फुगे काढून मिश्रण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं, गाळायचं, पुन्हा ओतायचं.

मांसाचा खरा पोत हवा असेल तर बिनहाडाचं चिकन ब्रेस्ट घ्यायचं. आर्टरी फोर्सेप्सने त्यात बोगदा करून फुगा ओढून घ्यायचा. सुईला खरा अडथळा लागतो, स्नायूंच्या रेघाही दिसतात. पण ते बर्फावर ठेवावं लागतं, काही तासांचंच असतं, प्रोब पूर्ण झाकावा लागतो आणि टेबल रुग्णांच्या जागेपासून वेगळं लागतं. जिलेटिनही प्राण्यापासूनच येतं, हे आम्ही आधी सांगतो. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी चायना ग्रासचा फॅन्टम करतो. तो जरा ठिसूळ होतो आणि सुईने चिरतो, पण टोक शोधायचा सराव त्यावर नीट होतो.

आता सुई. आम्ही सुरुवात प्रोब आडवा धरून, म्हणजे शीर गोल दिसेल असा करतो. यात सुईचा एक काप तेवढा पडद्यावर दिसतो, एक पांढरा ठिपका. आणि इथेच सगळी मेख आहे: तो ठिपका टोकाचा आहे की सुईच्या मधल्या दांड्याचा, हे नुसतं पाहून कळत नाही. ठिपका शिरेत दिसतोय म्हणून शिकणारा खूश असतो, आणि टोक तोवर मागची भिंत फोडून सेंटीमीटरभर पुढे गेलेलं असतं. यावर उपाय एकच, आणि तो अंगात मुरेपर्यंत आम्ही पुढे जात नाही. ठिपका दिसला की सुई थांबवायची. प्रोब एक-दोन मि.मी. पुढे सरकवायचा, ठिपका नाहीसा झाला पाहिजे. म्हणजे आधी दिसत होतं ते टोकच होतं. मग प्रोब थांबवायचा आणि ठिपका पुन्हा उगवेपर्यंत सुई पुढे न्यायची. पुन्हा प्रोब, पुन्हा सुई. दोन्ही एकाच वेळी कधीच हलवायचे नाहीत. ठिपका नाहीसा झाला नाही तर टोक आणखी पुढे आहे. तेव्हा प्रोब पुढे नेऊन ते शोधायचं, नाहीतर सुई मागे घ्यायची.

शिकणाऱ्याच्या शेजारी उभं राहून आमच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य असतं: ‘सिस्टर, थांबा. टोक कुठे आहे?’ उत्तर बोटाने पडद्यावर दाखवायचं असतं. दाखवता आलं नाही तर सुई पुढे जात नाही. रक्त आलंय का, हा प्रश्न आम्ही विचारतच नाही.

टोक शिरेला टेकतं तेव्हा काय दिसतं ते जवळून सांगण्यासारखं आहे. गोल शिरेची वरची भिंत मध्यभागी दबते, गोलाचा बदाम होतो. पांढरा ठिपका त्या खळग्यात बसलेला असतो, पण अजून बाहेरच. अशा वेळी सुईला एक छोटा, ठाम धक्का लागतो. भिंत सुटून वर येते, शीर पुन्हा गोल होते आणि काळ्या वर्तुळाच्या मधोमध ठिपका चमकतो. ज्यांना धीर नसतो ते खळगा दिसताच कॅन्युला सरकवतात. जे फार जोर लावतात ते दोन्ही भिंती एकदम भेदतात. हातातल्या जाणिवेपेक्षा भिंत सुटताना डोळ्यांनी पाहणं महत्त्वाचं.

आणि मग बॅकफ्लो येतो, म्हणजे सुईच्या मागच्या बाजूला रक्त दिसतं. साध्या आयव्हीच्या सवयीने हात इथेच प्लास्टिक पुढे ढकलायला लागतो. वरवरच्या शिरेत ते बहुतेक वेळा निभतं, खोल शिरेत निभत नाही. सुईचं टोक प्लास्टिकच्या थोडं पुढे असतं. रक्त सुईत आलं तेव्हा प्लास्टिकची कड अजून भिंतीच्या बाहेर असू शकते. ढकललं की ती भिंतीवर अडकते, चुरगळते, शीर बाजूला लोटते. म्हणून बॅकफ्लो आला तरी न थांबता सुईचा कोन कमी करायचा, आणि तीच प्रोब-सुई, प्रोब-सुई अशी चाल शिरेच्या आतून सेंटीमीटरभर सुरू ठेवायची. ठिपका दर वेळी काळ्या वर्तुळाच्या मध्यात राहिला पाहिजे. इतकं झाल्यावर कॅन्युला अडथळ्याविना, लोण्यात सुरी जावी तशी सरकते. अडली तर ढकलायची नाही. पुन्हा प्रोब ठेवून टोक शोधायचं. एकदा प्लास्टिक पुढे सरकवलं की सुई पुन्हा त्यात ढकलायची नाही, कारण ती प्लास्टिक कापू शकते आणि तुकडा रक्तात जातो.

प्रोब उभा धरून, शीर लांबट दिसेल असं टोचण्याची पद्धत नंतर शिकवतो. त्यात पूर्ण सुई दिसते, पण लहरींचा पट्टा फार पातळ असतो. शीर आणि सुई दोन्ही त्यात नेमक्या राहाव्या लागतात. हात केसभर कलला की शेजारच्या धमनीचं चित्र शीर म्हणून समोर येतं. ज्याला आडव्या चित्रात टोक सापडतं त्याला हे पटकन जमतं. उलट क्रमाने शिकलेले बराच काळ अडखळतात, असा आमचा अनुभव आहे.

लाइन लागली की काम संपलं असं नाही. सलाईन भरलेली सिरिंज जोडून पाच-दहा मि.ली. ढकलायचं आणि त्याच वेळी प्रोब थोडा वर, काखेच्या दिशेने, शिरेवर ठेवायचा. शिरेत पांढऱ्या कणांची खळबळ दिसली पाहिजे. ती दिसली नाही आणि कॅन्युलाच्या टोकाजवळ भोवतालचा भाग फुगला, तर लाइन काढायची, मग रक्त कितीही छान येत असो. दंडातल्या खोल शिरेतून औषध बाहेर गेलं तर वरून सूज दिसायला वेळ लागतो, म्हणून नॉरॲड्रेनॅलिन, कॅल्शियम किंवा त्वचा जाळणारी केमोची औषधं अशा आखूड लाइनीतून देऊ नयेत. तपासून झालं की जेल पूर्ण पुसून, जागा कोरडी करून मगच ड्रेसिंग. ही बाब क्षुल्लक वाटते, पण जेलवर ड्रेसिंग चिकटत नाही आणि इतकी मेहनत करून लावलेली लाइन शर्ट बदलताना निघून येते.

जेलबद्दल आमचा आग्रह कडक आहे. पाच लिटरच्या कॅनमधून बाटली पुन्हा पुन्हा भरत राहण्याची पद्धत सर्रास दिसते. अशा जेलमध्ये बर्कहोल्डेरियासारखे जंतू वाढतात, आणि त्यातून रुग्णालयांत साथी पसरल्याच्या नोंदी आहेत. टोचताना निर्जंतुक जेलची एकदाच वापरायची पुडी, आणि प्रोबवर निर्जंतुक आवरण. आवरणाच्या आतही जेल हवंच, बुडबुडे न ठेवता. त्वचेवर २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि स्पिरिटचं मिश्रण लावून ते वाळू द्यायचं. प्रोब पुसायला मात्र स्पिरिट चालेलच असं नाही. काही प्रोबचं तोंड त्याने तडकतं, म्हणून कंपनीचं पुस्तक पाहून पुसणी ठरवायची. भूल द्यायला त्वचेखाली अर्धा-एक मि.ली. लिग्नोकेन पुरते. सिरिंजमधली हवा काढून टाकायची, कारण एक बुडबुडा आत गेला तरी त्याखालचं सगळं चित्र झाकलं जातं.

किडनीच्या रुग्णांबाबत आम्ही वेगळं सत्र घेतो. मशीनवर दंडातली बॅसिलिक टपोरी दिसते आणि मोह होतो. पण ज्याची किडनी निकामी होत आली आहे त्याच्यासाठी तीच शीर उद्याची फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडून घ्यायची शीर, आहे. आज एका सलाईनसाठी ती खराब केली तर डायलिसिसचा रस्ता बंद होतो. अशा रुग्णात तळहाताच्या मागच्या शिरा शोधायच्या, तिथेही प्रोब चालतो. आणि फिस्टुला असलेल्या हाताला तर टूर्निकेटही लावायची नाही. केसपेपरवर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा आकडा, पाहिल्याशिवाय प्रोब दंडाकडे जाऊ नये.

मानेतल्या सेंट्रल लाइनचं, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या नळीचं, प्रशिक्षण फक्त डॉक्टरांसाठी आणि हाताच्या शिरांत तयार झाल्यावरच. इंटर्नल जुग्युलर शिरेसाठी अल्ट्रासाउंड वापरावा अशी शिफारस इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेने २००२ मध्येच केली. तरीही केवळ मशीन वापरल्याने शेजारची कॅरॉटिड धमनी वाचते असं नाही. मान फार वळवली की शीर कॅरॉटिडच्या वर येऊन बसते, आणि मागची भिंत फोडणारी सुई थेट धमनीत जाते. मान थोडीच वळवायची, डोक्याकडची बाजू १०-१५ अंश खाली करायची, आणि शीर-धमनी शेजारी-शेजारी दिसतील ती जागा निवडायची.

सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडलेली तारेची पद्धत आजही तीच आहे: सुई, तार, डायलेटर (वाट रुंद करणारी नळी), कॅथेटर (शेवटी आत राहणारी नळी). यात चूक पकडायची सर्वांत मोठी संधी तार आणि डायलेटर यांच्या मधे असते. तार घातली की थांबायचं, प्रोब ठेवायचा, आणि तार शिरेत आहे हे आडव्या व उभ्या दोन्ही चित्रांत, छातीच्या दिशेने शक्य तेवढं खालपर्यंत पाहायचं. सुई धमनीत गेली तर दाब देऊन निभावता येतं. धमनीत डायलेटर गेला तर शस्त्रक्रियेची वेळ येते, आणि तेव्हा तो उपसून न काढता जागच्या जागी ठेवून व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवायचं असतं. शॉकमधल्या रुग्णात रक्ताचा रंग आणि उसळी दोन्ही फसवतात, त्यावर निर्णय घेऊ नये. डायलेटर शिरेपर्यंतच न्यायचा, मुठीपर्यंत घुसवायचा नाही. तार २० सें.मी.च्या पलीकडे ढकलायची नाही, मॉनिटरवर जादा ठोके दिसले तर मागे घ्यायची. तारेचं बाहेरचं टोक कोणाच्या तरी बोटांत सतत असलंच पाहिजे, आणि शेवटी तार बाहेर आल्याचं मोठ्याने म्हणायचं. सुईने फुप्फुसाला इजा झाली नाही ना, यासाठी त्याच प्रोबने दोन्ही बाजूंना फुप्फुसाचं सरकणंही पाहून घ्यायचं.

शिकणारा तयार झाला हे ठरवायला अमेरिकन संस्थांच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत देखरेखीखाली दहा वेळा टोचण्याचा आकडा आहे. आम्ही तो किमान धरतो. आमच्या तपासणी तक्त्यात सर्वांत जड रकाना टोकाचा आहे: सुई पुढे गेली त्या प्रत्येक वेळी टोक दिसत होतं का, हे शेजारी उभा असलेला शिक्षक लिहितो. लाइन लागली पण टोक दिसत नव्हतं, तर ती वेळ आम्ही मोजत नाही. कित्येकांना याचा राग येतो, विशेषतः ज्यांचा साध्या आयव्हीत हातखंडा आहे त्यांना. तो राग आम्ही समजून घेतो, पण रकाना तसाच ठेवतो. एका रुग्णात दोनदा टोचूनही लागली नाही तर हात बदलायचा, म्हणजे दुसऱ्या माणसाने करायचं. हे शिकणाऱ्यांना लागू आहे तसं शिकवणाऱ्यांनाही.

लाइन लावणाऱ्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी त्या रुग्णाकडे जाऊन जागा पाहायची, हा आमच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. तक्त्यावर शिरेची खोली, रुंदी, कॅन्युलाची लांबी आणि लाइन कधी व का निघाली हे लिहायचं. महिनाभराच्या तक्त्यावर नजर टाकली की फसलेल्या लाइनींचा मोठा भाग खोल शिरेत घातलेल्या आखूड कॅन्युलांचा निघतो. मग तो तक्ता घेऊन आम्ही स्टोअरकडे जातो आणि लांब कॅन्युलांची मागणी लिहून देतो. तीन महिने प्रोब हातात न धरलेल्या व्यक्तीला रुग्णाकडे जाण्याआधी पुन्हा जिलेटिनच्या डब्यावर बसवतो, मग ती कितीही ज्येष्ठ असो.